जुना सूर पुन्हा बांधताना

तारप्याचं चित्र महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलं आहे. मधोमध लांब वाद्य तोंडाला लावून उभा असलेला माणूस आणि त्याच्याभोवती वेटोळं घालत गेलेली नाचणाऱ्यांची रांग ही आकृती साड्यांच्या पदरावर आहे, चहाच्या कपांवर आहे, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर आहे. चित्राबरोबर आवाज मात्र आला नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली आणि वारली चित्रकलेचा देशाने सन्मान केला. त्या चित्रांच्या केंद्रस्थानी जे वाद्य आहे, ते वाजवणाऱ्याचं नाव पद्मश्रीच्या यादीत यायला 2026 साल उजाडावं लागलं. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचं ते नाव. नव्वदीच्या घरातला हा तारपकरी. त्यांच्या घरात तारपा पिढ्यान्‌पिढ्या वाजत आला आहे. चित्र आणि आवाज यांच्या सन्मानात पंधरा वर्षांचं अंतर पडलं, आणि या पंधरा वर्षांत किती तारपकरी गेले असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

हे पुस्तक त्या आवाजाचं आहे. वावर गावात आणि जव्हार-मोखाड्यातल्या इतर पाड्यांवर तारपा कसा बांधतात, जुना तारपा आणि नवा तारपा वेगळे का वाजतात, जुना सूर पुन्हा हवा असेल तर नेमकं काय काय जमवावं लागेल, एवढाच प्रश्न लेखकांनी धरला आहे आणि तो शेवटपर्यंत सोडलेला नाही. माझं काम जुन्या इलेक्ट्रिक गिटारांचं आणि अँप्लिफायरांचं. साठ-सत्तरच्या दशकातल्या रॉकच्या तबकड्यांवर जो टोन ऐकू येतो तो आज कसा काढायचा, हा माझ्या धंद्यातला रोजचा प्रश्न. तारप्यावरच्या पुस्तकाला अशा माणसाची प्रस्तावना कशाला, असं वाचकाला वाटू शकेल. हस्तलिखित वाचताना मला पानोपानी जाणवत राहिलं की हे दोन्ही प्रश्न सख्खे भाऊ आहेत. गिटारवाले गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे फार उशिरा आणि फार पैसे मोजून शिकले, ते तारप्याच्या बाबतीत अजून वेळेवर कामी येऊ शकतं. म्हणून आधी थोडं गिटारविषयी.

अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीने लेस पॉल ही गिटार 1952 मध्ये बाजारात आणली. तिच्या सुरुवातीच्या पिकअपमधून, म्हणजे तारांची थरथर विजेत उतरवणाऱ्या भागातून, विजेची गुणगुण फार यायची. कंपनीतल्या सेथ लव्हर या अभियंत्याने दोन कॉइल एकमेकांच्या उलट जोडून ती गुणगुण मारली. पेटंटसाठी अर्ज 1955 चा, पेटंट हाती आलं 1959 मध्ये. त्या सुमाराच्या पिकअपच्या पाठीवर, पेटंटसाठी अर्ज केला आहे असं सांगणारी एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली असे. आज त्या चिठ्ठीच्या पिकअपच्या एका जोडीसाठी लोक काही लाख रुपये मोजतात. त्यात असं काय आहे? केसाएवढी बारीक तांब्याची तार, प्रत्येक कॉइलला सुमारे 5000 वेढे. सुमारे म्हणायचं, कारण तार गुंडाळायच्या यंत्राला ठरावीक वेढ्यांवर आपोआप थांबायची सोय नव्हती. बॉबिन भरली असं वाटलं की यंत्र थांबवलं जाई. चुंबक त्या दिवशी जे हाताशी असेल त्या प्रतीचं. त्यामुळे एक पिकअप दुसऱ्यासारखा नाही, आणि एक गिटार दुसरीसारखी नाही.

आणि या गिटारी त्या वेळी फारशा खपल्याच नाहीत. 1961 मध्ये कंपनीने तो घाट बाजूला ठेवून नवा आणला. 1966 मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर एरिक क्लॅप्टनची तबकडी निघाली, तीत एक जुनी लेस पॉल मार्शलच्या अँप्लिफायरमधून गरजली, आणि तेव्हा कुठे वादकांच्या ध्यानात आलं की आपल्याला हवा असलेला आवाज इथे आहे. तोवर ती बनायची थांबली होती. बनवणाऱ्यांनी काही टिपून ठेवलं नव्हतं, कारण टिपून ठेवण्यासारखं काही आपण करतो आहोत असं त्यांना वाटलंच नव्हतं. तेव्हापासून लोक उलट्या वाटेने चालत आले आहेत. तुटक्या पिकअपची तार उलगडून वेढे मोजायचे, तारेवरच्या लेपाची जाडी तपासायची, बॉबिनचं प्लास्टिक कोणतं ते शोधायचं. पेटंटचा कागद आहे, आराखडे आहेत, मूळ वस्तू आहेत, पैसा तर अफाट आहे. तरी नव्या पिकअपबद्दल ‘अगदी तसाच’ असं म्हणायला जाणता माणूस कचरतो.

उलट उदाहरण लंडनचं. हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. फेंडर कंपनीचा बासमन अँप्लिफायर अमेरिकेहून आणायचा म्हणजे खर्च परवडेना, म्हणून मार्शल, केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी 1962 मध्ये त्याच सर्किटवरून आपला अँप्लिफायर बांधला. सर्किट जवळजवळ तेच. ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह आणि स्पीकर मात्र इंग्लंडमध्ये जे मिळतील ते. आवाज वेगळाच आला, आणि पुढे जगभरच्या रॉकचा तो आवाज ठरला. आराखडा सारखा असला तरी सूर मालाबरोबर बदलतो, हे त्या दुकानात सिद्ध झालं. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरवर चालणारं 1966 चं फझ फेस हे गिटारचा आवाज बदलणारं पेडल तर हवेबरोबरही बदलतं. उष्णता वाढली की ट्रान्झिस्टरमधून गळणारा प्रवाह वाढतो आणि टोन फाटतो. लंडनच्या थंडीत जे पेडल गोड वाजतं ते मुंबईच्या मे महिन्यात दुपारी ओळखू येत नाही.

या सगळ्या जुन्या वाद्यांत तारप्याच्या सर्वांत जवळची गिटार मला विचाराल तर ती क्वीन या बँडच्या ब्रायन मे यांची. या बँडचं नाव मराठी वाचकाला परकं नाही. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि त्याचा पहिला बँडही तिथलाच. ब्रायन मे यांनी 1963 मध्ये वडिलांच्या मदतीने घरीच गिटार करायला घेतली. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, ट्रेमोलोला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, मानेवरच्या ठिपक्यांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. वाजवणाऱ्यानेच बांधलेलं, आसपास जे सापडलं त्यातून उभं राहिलेलं, आणि प्रत्येक तुकडा कुठून आला हे घरातल्यांना ठाऊक असलेलं वाद्य. तारपा असाच असतो. फरक इतकाच की मे यांच्या गिटारीच्या प्रत्येक स्क्रूवर लोकांनी लिहून ठेवलं आहे.

आता तारपा. वाळलेला, आतून पोकळ केलेला मोठा भोपळा हे त्याचं पोट. त्याच्या वरच्या बाजूला फुंकायचं भोक. खालच्या तोंडात बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवून मधमाशीच्या मेणाने सांधा हवाबंद केलेला. नळ्यांच्या आतल्या टोकांना बांबूच्याच जिभा. फुंकलेली हवा भोपळ्यात साठते, दाबाने या जिभांना थरथरवते आणि सूर जन्मतो. नळ्यांवर बोटांसाठी भोकं. त्यांच्या पुढे ताडाच्या पानांच्या पट्ट्या एकावर एक गुंडाळत नेलेला लांब कर्णा. गारुड्याची पुंगी याच कुळातली, पण तिला हा कर्णा नाही. तारप्याच्या आवाजाला जो खर्जाचा भार आहे, जो उघड्या माळावर अंधारात दूरवर जातो, त्यात या कर्ण्याच्या लांबीचा मोठा वाटा आहे.

वादक एकदा सुरू झाला की थांबत नाही. गालात हवा साठवून ती बाहेर ढकलतानाच नाकाने श्वास आत घ्यायचा, म्हणजे सुरात खंड पडत नाही. भोपळ्यातली हवा त्या एका क्षणाची उणीव भरून काढते. मोठ्या भोपळ्यात दाब सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो, लहान भोपळ्यात झटकन. म्हणजे भोपळ्याचं माप बदललं की वाजवणाऱ्याचा दम घेण्याचा ठेका बदलतो, आणि त्याबरोबर वाजवणंही. दोन नळ्यांचे सूर तंतोतंत जुळलेले नसतात. त्या बारीक फरकातून एक सततची थरथर निघते. गिटारवाले हीच थरथर मिळवायला कोरस नावाचं पेडल विकत घेतात. तारपकरी ती जीभ तासून मिळवतो. जिभेच्या टोकावर मेणाचा बारीक ठिपका लावला की ती जड होते आणि सूर उतरतो. ठिपका काढला की चढतो. तोंडातल्या वाफेने बांबू ओला होतो, जीभ मऊ पडते, आणि रात्रीच्या सुरुवातीचा सूर पहाटेपर्यंत तोच राहत नाही. फझ फेसवाल्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

पुस्तकाचं जिभेवरचं प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचलं. पिकअपच्या वेढ्यांत जे गुपित आहे ते तारप्यात या बोटभर बांबूत आहे. बांबू कोवळा की जून, किती वाळलेला, चीर कुठून सुरू करायची, किती पातळ करायची. ही मापं मिलिमीटरमध्ये देता येतात आणि लेखकांनी ती दिलीही आहेत. पण पातं फिरवणाऱ्याचा अंगठा कुठे थांबतो, हे मापात पुरतं येत नाही. म्हणून त्यांनी चित्रं काढून घेतली, बांधणाऱ्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत ठेवले, आणि फसलेल्या जिभांचीही नोंद केली. फसलेल्या जिभांची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. गिब्सनच्या कारखान्यात नापास झालेल्या पिकअपची अशी वही कोणी ठेवली असती, तर आमच्या कामाची कितीतरी वर्षं वाचली असती.

बांधणारा आणि वाजवणारा यांच्यानंतर सुराचा तिसरा धनी नाचणारा. तारपकरी मध्ये, भोवती एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेली साखळी, पुढे घुंगरांची काठी घेतलेला म्होरक्या. तारपकऱ्याने चाळा, म्हणजे वाजवायची धून, बदलला की पायांची चाल बदलते, आणि पाय थकलेले किंवा तापलेले दिसले की तो चाळा बदलतो. गिटारचे टोन आज संगणकात उतरवतात. अँप्लिफायरमधून ठरलेले आवाज सोडायचे, बाहेर येणारा आवाज मोजायचा आणि त्यावरून गणिती प्रतिकृती करायची. हे काम आता फार उत्तम होतं. मी स्वतः ते वापरतो. ते जमतं कारण गिटारवादकाची बोटं एका बाजूला आणि अँप्लिफायर दुसऱ्या बाजूला असतो, त्यांना वेगळं काढता येतं. तारप्यात फुफ्फुस, भोपळा आणि जीभ ही एकच सलग गोष्ट आहे. एकेक सूर ध्वनिमुद्रित करून की-बोर्डवर बसवला की लग्नाच्या वरातीत ‘तारपा’ वाजतो खरा, पण त्यात दाबाचा चढउतार नसतो आणि समोरच्या पायांकडे बघणारा डोळाही नसतो. अशा नकलेला माझा विरोध नाही. तिला जतन म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे, कारण जतन झालं असं समजून खरं काम राहून जातं.

खरं काम मालापासून सुरू होतं, आणि इथे गिटारच्या इतिहासातून एक धागा थेट सह्याद्रीत येतो. उत्तम गिटारींना पूर्वी ब्राझीलच्या जंगलातलं रोझवूड लागे. ते दुर्मिळ होत गेलं, तेव्हा मार्टिन या नामांकित कंपनीने 1969 मध्ये भारतीय रोझवूड घ्यायला सुरुवात केली. हे भारतीय रोझवूड म्हणजे आपला शिसव. 1992 मध्ये ब्राझीलच्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. 2017 मध्ये शिसवासकट त्या कुळातल्या सगळ्याच झाडांच्या व्यापारावर निर्बंध लागले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती 2019 च्या निर्णयाने. झाड संपत आलं की सूर बदलतो, हे धडधडीत सत्य वाद्यांच्या जगाने कायद्याच्या कागदावर वाचलं.

तारप्याचा माल त्याहून नाजूक आहे. बांबू अजून आहे. ताड आहे, पण पानं उतरवायला चढणारे कमी झाले आहेत. मेण मिळवायला रानात जावं लागतं. आणि भोपळा! भाजी बाजाराला कोवळा, सडसडीत, पातळ सालीचा दुधी हवा असतो. तारप्याला जाड सालीचा, मोठ्या पोटाचा, वेलीवरच वाळू दिलेला हवा. दुकानातून आणलेल्या संकरित बियाण्याचं फळ या कामाला येत नाही. ते बी घरोघरी राखेत, मडक्यात जपलेलं असे. एखाद्या घरात एक वर्ष वेल लावला गेला नाही की ती जात तिथून नाहीशी होते.

मिरजेकडे पाहिलं की हे जास्त कळतं. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार-तंबोरे बनतात, घराण्यांनी ते काम हातचं जाऊ दिलं नाही, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांनाही भोपळाच लागतो. पंढरपूरच्या बाजूला भीमाकाठी तो मुद्दाम पिकवला जातो. तंबोऱ्याला देशभर गिऱ्हाईक आहे, म्हणून शेतकऱ्याला तो वेल राखणं परवडतं. तारप्याला बाजार नाही. तो विकण्यासाठी बांधला जात नव्हता. वाघबारशीला, भात तयार झाल्यावर, दिवाळीला पाड्यावर वाजण्यासाठी बांधला जात होता. त्यामुळे त्याचं बियाणं राखायची जबाबदारी बाजारावर टाकून मोकळं होता येत नाही.

आणि इथेच जव्हार-मोखाड्याचं खरं दुखणं येतं. वावर हे नाव उभ्या महाराष्ट्राला पहिल्यांदा कळलं ते 1992-93 च्या सुमारास, वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने मुलं दगावल्याच्या बातम्यांमधून. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर हे घडत होतं. त्यानंतर योजना आल्या, रस्ते आले, 2014 मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला. तरी दिवाळी उलटली की घरंच्या घरं आजही वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला निघून जातात. भोपळा वेलीवर वाळायचे दिवस आणि घराला कुलूप लागायचे दिवस एकच. वाळलेला भोपळा उतरवून, आतला गर काढून, निवांत बसून जीभ तासायला जो हिवाळा लागतो, तो हिवाळा बांधणाऱ्याकडे राहिलेला नाही. नव्या पिढीला आवड नाही, अशी तक्रार मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. ती मला पटत नाही. पोरं भट्टीवर असतात. आजोबा जीभ तासताना पाहायला ती घरी असतील तर शिकतील ना? जुना सूर परत आणायचा तर गावातच हिवाळ्यात मजुरी मिळाली पाहिजे, ही मागणी संगीताच्या पुस्तकात विचित्र वाटेल. लेखकांनी ती स्पष्ट शब्दांत केली आहे, आणि ती पुस्तकात असावी असं मीही आग्रहाने सांगितलं.

आणखी एका गोष्टीत लेखकांनी योग्य भूमिका घेतली आहे. जुनी वाद्यं गोळा करणाऱ्यांचा गिटारच्या जगाने बराच अनुभव घेतला. किंमत चढली की वाद्य वाजवणाऱ्याच्या हातातून तिजोरीत जातं, आणि तिजोरीतली गिटार कोणाला काही शिकवत नाही. वावरच्या परिसरात जे जुने तारपे त्यांना पाहायला मिळाले ते त्यांनी मोजले, वाजवून घेतले, चित्रित केले आणि ज्याचे त्याच्या घरी राहू दिले. एकही विकत आणला नाही. घरात तारप्याला देवाचा मान असतो, हे ध्यानात घेतलं तर दुसरा मार्ग नव्हताच. काही घरांनी मापं छापायला नकार दिला. ती जागा पुस्तकात कोरी आहे, आणि ती तशीच असावी.

काही उणिवाही सांगायला हव्यात. घांगळी या तंतुवाद्याला इथे फक्त काही पानं मिळाली आहेत. दोन भोपळे, एक दांडी आणि तारा असलेलं, भगताच्या हातात कणसरी या धान्यदेवतेची कथा सांगताना वाजणारं हे वाद्य स्वतंत्र पुस्तक मागतं. तारांचा माणूस म्हणून मला ती पानं अपुरी वाटली. बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवातल्या वाद्यांचा उल्लेखही ओझरता आहे. लेखकांनी तारप्यावरच लक्ष ठेवलं, त्याचा फायदा खोलीत दिसतो, म्हणून मी फार आग्रह धरला नाही.

पुस्तक कोणत्याही प्रकरणापासून वाचता येईल. नुसतं समजून घ्यायचं असेल तर चाळ्यांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. त्यात नाच आणि सूर एकमेकांना कसे ओढतात ते फार छान उतरलं आहे. कोणी तारपा बांधायलाच बसणार असेल, तर त्याने मापांचे तक्ते मागे ठेवून आधी बियाण्याचं प्रकरण वाचावं आणि पाऊस लागण्याच्या आत बी मिळवावं. जूनमध्ये वेल लागला तर हिवाळ्यात भोपळा वाळतो. ती वेळ टळली तर बाकीचा सगळा माल हाताशी असूनही वर्षभर थांबावं लागतं.